आधी पाणी

जांबोटीला आमच्या घरी
मीठ कधी मोकळं राहिलं नाही.
जून लागला की बरणीच्या तळाला पाणी,
गुळाची ढेप घामेजलेली.
आई म्हणायची, रडूलालाय बघ गूळ,
आणि वर फडकं बांधायची.

ह्युमेक्टंट हा शब्द
त्यानंतर एकवीस वर्षांनी भेटला,
उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये,
निळ्या पिंपाच्या चिकट लेबलवर.
म्हटलं, अरे, हा तर आमचा गूळ.

ग्लिसरीन.
रंग नाही, वास नाही, जिभेला किंचित गोड.
हवेतलं पाणी धरून
कातडीच्या दाराशी आणून ठेवणारं.
मी शेड सोडली. वडगावात
मागांच्या खडखडाटात, मागच्या खोलीत
सोनाराकडनं घेतलेला जुना काटा मांडला.
शंभरात बारा ग्रॅम ग्लिसरीन,
थोडं मध, कोरफड,
तेल नावापुरतं. तेलकट कुणाला आवडतंय?

खानापूरच्या बायका खूश.
(पुतणी सोडून. तिच्या केसांना मी
जवसाच्या जेलमध्ये तेच बारा घातले,
आणि श्रावणात, जांबोटीच्या बारशात,
तिचं डोकं काथ्याच्या गोणीएवढं फुगलं.
फोटो अजून कुणी दाखवू देत नाही.)

मग जानेवारीत अथणीहून
कल्लव्वा आली, एसटीनं, अर्धी बरणी घेऊन.
चपलांच्या वेण्या विणणारी बाई.
टेबलावर हात पालथे ठेवले,
"कै ओडदाव री, बाई."
बोटांच्या पेरांवर भेगा,
मी पाठवलेल्या क्रीमनंतर जास्तच.

रात्री वही काढली.
जांबोटीची हवा भरलेली असते, म्हणून वरून ओढतं.
अथणीच्या हवेत काय आहे ओढायला?
वर मिळालं नाही की ते खालून उपसतं,
त्याच हातातलं,
बोअर मारल्यासारखं, फूट फूट खोल.
एकच जिल्हा, एकच बरणी,
आणि मी सगळ्यांना एकच हवा धरली होती.

सकाळी तिला पैसे परत देऊ लागले
तर घेईना. माझ्या पायातली चप्पल बघत होती.
"वाळकं चामडं तेल पीत नाही," म्हणाली,
अर्धं कानडीत, अर्धं माझ्यासाठी मराठीत.
"मदल नीर. आमेल एण्णी."
आधी पाणी. मागनं तेल.
चामडं भिजवून, पिळून, ओलं असतानाच
तिचा सासरा तेलाचा बोळा फिरवायचा,
म्हणजे आतलं आतच राहायचं.
हे ती असं सांगत होती
जसं कुणी बसचा नंबर सांगतं.

बाराचे पाच केले.
चोर्ल्याकडून कोकमाचं तूप आणलं,
थंडीत दगड, तळहातावर लोणी;
ते झाकण म्हणून.
पहिला घाणा फाटला.
दुसरा पिठल्यासारखा झाला, तो मी स्वतःच लावला,
टाचांना, महिनाभर.
तिसरा बरा.

खडेबाजारच्या प्रिंटरनं विचारलं,
कन्नड वर ना?
वर. मराठी खाली, बारीक चालेल.
पण हात ओले असताना लावा,
ही ओळ दोन्हीकडं ठळक घाल.
तो म्हणाला, जागा नाही.
मग माझं नाव काढ, म्हटलं.

फेब्रुवारीत फोन आला.
"परवा इल्ल," कल्लव्वा म्हणाली,
म्हणजे ठीक आहे, म्हणजे फार वाईट नाही,
याहून जास्त कौतुक अथणीत मिळत नसावं.
मग म्हणाली, तेवढा वास काढ.
गुलाबाचा वास विणलेल्या पट्ट्यांना लागतो,
गिऱ्हाईक चप्पल नाकाशी धरून हसतं.

आज तिची सहा बरण्यांची ऑर्डर ओतते आहे,
बिनवासाची.
खोलीत नुसता कोकमाचा वास,
आणि माझे दोन्ही हात
मनगटापर्यंत ओले.