टेलचा शिक्का

ठराव एकमताने मंजूर झाला, म्हणजे
कुणी काही बोललं नाही.
हेडची पाणी वापर संस्था आणि टेलची
आजपासून एक.
दिंडोरीहून आलेल्या साहेबांनी कलम वाचून दाखवलं:
विलीन होणाऱ्या संस्थेची मालमत्ता, हक्क, देणी-घेणी
नव्या संस्थेकडे वर्ग होतील.

मालमत्ता मी सांगत गेलो, ते लिहीत गेले.
लोखंडी कपाट एक, दार लागत नाही.
पाणी मोजायची पट्टी, पंधराच्या खालचे आकडे पुसलेले,
वरचे कोरे करकरीत.
तेवढं पाणी आमच्याकडे कधी आलंच नाही.
गेटची चावी.
शिक्का. शाईचं पॅड, वाळलेलं.
आवर्तनाच्या एकोणीस वह्या,
त्यातली एक पार्वताबाई मेधण्यांच्या हातची:
'पाणी आले' याच्यापुढे
दर वेळी उद्गारचिन्ह.

घेणी?
पाणीपट्टीची थकबाकी सांगितली.
आणखी?
आणखी एक रात्र आहे, मी म्हणालो.

ज्या वर्षी धरणाने पौषातच तळ दाखवला
हेडला दौलत उशिरांच्या बागेचे घड सुकत होते.
शनिवारची रात्र आमची.
ते अंधारात मोटारसायकल ढकलत आले, पेट्रोल संपलेलं,
म्हणाले, एवढी रात्र द्या, पुढच्या पाळीला फेडतो.
दिली.
पुढची पाळी झालीच नाही.
आमचा गहू निसवताना करपला.
त्यांची द्राक्षं वाचली. एक पेटी आणून दिली त्यांनी.
गोड होती, खोटं कशाला बोलू.

साहेबांचं पेन थांबलं.
रात्रीचं एकक काय लिहू?
देणेकरी कोण? हेडची संस्था.
घेणेकरी? टेलची.
ते हसले, कुत्सित नव्हे, हिशेब जुळल्यावर हसतात तसं:
आता देणारा तोच, घेणारा तोच.
असं घेणं आपोआप मिटतं.
मिटणं आणि बुडणं यातला फरक
मी विचारला नाही.

पलीकडच्या खुर्चीत दौलतराव,
कानटोपी मांडीवर घेऊन.
त्यांनी ऐकलं. मान वर केली नाही.

चहा झाला. फोटो झाला.
नव्या शिक्क्यात दोन्ही गावांची नावं मावेनात
म्हणून आमचं नुसतं आद्याक्षर.

बाहेर चारी कोरडी, तळाशी कुणाची तरी चप्पल.
चावी द्यायला गेलो तर दौलतरावांनीच हात पुढे केला,
घेतली, तळव्यावर तोलली,
आणि माझ्या खिशात परत टाकली.
शनिवार, म्हणाले.
कुठला, ते दोघांनाही माहीत नव्हतं.
पाणी सुटायची तारीख
अजून कळवलेली नाही.