बर्फ न थांबणारं छप्पर

अख्ख्या गावात एकाच छपरावर बर्फ थांबत नव्हता,
म्हणून कळलं.
नाहीतर कोण कुणाच्या गोठ्यात डोकावतं,
तेही कॉकेशसमधल्या जानेवारीत,
जेव्हा जुन्या मनोऱ्यांना दात असते
तर तेसुद्धा वाजले असते.

गोठा जानसुगचा. गायी विकून झाल्या होत्या.
गव्हाणीत आता ओळीने बेचाळीस यंत्रं,
तुर्कस्तानमार्गे आलेली,
रात्रंदिवस रवंथ करणारी.
याला म्हणे खाणकाम म्हणतात.
कुदळ नाही, कोळसा नाही, खाणीला तोंडसुद्धा नाही;
यंत्रं नुसते आकडे चघळतात
आणि दूर कुठेतरी, म्हणजे कुठेच नाही,
एक नाणं जन्मतं
ज्याच्यावर कुठल्याच राजाचं नाक नाही.

"राजे बघितले आपण," जानसुग म्हणायचा,
"आजोबांच्या पेटीत तीन राज्यांच्या नोटा आहेत.
तिन्ही राज्यं मेली. आजोबांनी मात्र
तिन्ही वेळा खरी गाय देऊन त्या घेतल्या होत्या."

डोंगरात वीज फुकट. का, तर
सरहद्दीवर माणसं टिकावीत,
पलीकडच्यांना दिवे दिसावेत.
हा राजधानीचा हिशेब.
जानसुगने त्यात आपला हिशेब मिसळला
आणि संध्याकाळी सहाला
गावातले दिवे लसणाच्या पाकळीएवढे होऊ लागले.
शाळेची शेगडी विझली.
इव्लिताच्या शिवणयंत्राने अर्ध्या बाहीत जीव सोडला.
म्हातारा बिमुर्झा, ज्याच्या नाकाला प्राणवायूची नळी,
रात्रभर सुनेला विचारत राहिला:
आली का? आली का?

रविवारी देवळात ठरलं.
चांदीच्या पत्र्यात मढवलेल्या संत जॉर्जवर हात ठेवून
प्रत्येक घरातल्या एकाने सांगायचं:
माझ्या घरात तसलं यंत्र नाही,
आणि कुणाच्या घरात आहे ते ठाऊक असेल तर लपवणार नाही.
पोलिसांनी कागद आणले होते, ते कुणी वाचलेही नाहीत.
इथे कागद खोटा पडतो, आण पडत नाही.
(माझ्या भाषेत आण आणि आणा
यांत एका कान्याचं अंतर.
तेवढ्यात केवढी राज्यं मावतात.)

इव्लिता रांगेत सातवी.
तिच्या गोठ्यात गायच आहे. शपथेला काय जातं?

पण गेल्या वर्षी
तिसऱ्यांच्याच युद्धात बँकांची दारं लागली,
नवरा रशियातल्या कुठल्याशा शहरात फरशा बसवत होता,
त्याचे पैसे तिकडेच गोठले
आणि मुलाच्या कानाचं ऑपरेशन मंगळवारी.
तेव्हा जानसुगच्या फोनवर, याच गोठ्यात,
शेणाच्या जुन्या वासात उभ्या उभ्या
बारा मिनिटांत ते आले.
कुणाची सही नाही, शिक्का नाही,
कुणी विचारलं नाही, तुम्ही कुठल्या बाजूचे?
जानसुगने त्यातली दमडी ठेवून घेतली नाही.
मुलाला आता ऐकू येतं.
भिंतीपलीकडची घरघरही येते.
तो म्हणतो, मधमाश्या.

हात संतावर. चांदी इतकी गार की कातडी चिकटते.
"माझ्या घरात नाही," ती म्हणाली.
तेवढं खरं.
पुढचं वाक्य तिने गिळलं.
पुजारी जरा थांबला, तिच्याकडे बघत,
मग त्याने आठव्या घराला हाक मारली.

जानसुग देवळात आलाच नाही.
रात्री बर्फगाडीवर ताडपत्री बांधून
काहीतरी जड नेताना तो दोघांना दिसला,
म्हणजे कुणालाच दिसला नाही.

सकाळी त्याच्या छपरावर बोटभर बर्फ.
बिमुर्झाचं यंत्र चालू.
इव्लिताने ती बाही पुरी केली, दोरा दाताने तोडला,
मग तशीच बसून राहिली:
या महिन्याचे पैसे
आता कुठल्या वाटेने येतील?

खिडकीशी मुलगा. "आई, मधमाश्या गेल्या."
"थंडीत जातात," ती म्हणाली.