पहिल्या दिवशी काहीच नाही

आईचा फोन ठेवला आणि
वीजबिलाच्या पाठीवर यादी केली :
इल्दा, वय एकाहत्तर,
ताकुआरेंबोहून रात्रीची बस,
त्रेस क्रूसेसच्या स्टँडवर पहाटे सहा.
माँटेव्हिडिओ तिला नवं.
तेव्हा पहिल्या दिवशी काहीच नाही.

काहीच नाही, हेही मांडायला वेळ लागतो.
म्युझियम खोडलं. नाटक खोडलं.
बंदराजवळचा बाजार खोडला, तिथे धूर आणि पर्यटक.
माझ्या ऑफिसची इमारत लांबून दाखवायची होती,
तीही जरा थांबून खोडली.

उरलं ते असं :
आधी टॅक्सी. मग थर्मासभर गरम पाणी,
माते तिनेच करायची,
माझ्या हातची तिला पांचट लागते.
मग झोप. पडदे मी कालच
दोन बोटं उसवून लांब केले,
समोरच्या बेकरीचा दिवा थेट उशीवर येतो.
खालच्या वॉशिंग्टनला सांगून ठेवलं :
फ्रीजदुरुस्तीची ठोकाठोक चारनंतर.
तो म्हणाला, चारला वर येऊन विचारतो आधी.

चारला, ऊन असलं तर, किनारा.
चारच गल्ल्या, मध्ये दोन बाकं.
तिथे तिला सांगायचं : आई, ही नदी आहे.
पलीकडचा काठ दिसत नाही, तरी नदीच.
सगळे समुद्र म्हणतात, तूही म्हण.
या वाक्याचा मी भांडी घासताना सराव केला.

रात्री भोपळ्याचं सूप. नऊला दिवे बंद.

सहाला नाही, पावणेसातला उतरली.
काखेत टॉवेलात गुंडाळलेलं चीज,
केस बसच्या खिडकीने एका बाजूला चपटे केलेले.
टॅक्सीच्या रांगेकडे बघून म्हणाली,
एवढे पैसे कशाला, बस जाते की खाली.
कुठली बस?
तिने नंबर सांगितला.
तो नंबर आता नाही.
पण बस जाते, त्याच वाटेने.

ती खिडकीशी. मी बॅग गुडघ्यांत धरून.
जूनची सकाळ, झाडं उघडी,
शटर वर करणारा माणूस तोंडातून वाफा सोडत होता.
माझ्या थांब्याच्या आधीच्या थांब्याला
ती उठली, दांडी धरली,
"इथे उतरलं की चढ लागत नाही."

बावीस वर्षं मी तो चढ चढते आहे.

मागे मी, बॅगेची चाकं फरशीच्या सांध्यांत अडकतायत,
पुढे ती, पाढे म्हणावेत तशी :
कोपरा, कोपरा, आता उजवीकडे.
दुराज्नो रस्त्यावर एका हिरव्या दाराशी थांबली.
दारावर ठोकायला पितळेचा हात असतो ना, तसा हात,
करंगळी अर्धी तुटलेली.
तिने त्या तुटक्या जागेवरून बोट फिरवलं.
"ही मी मोडली. बादली आपटून.
एकोणीस वर्षांची होते. नोटरीच्या घरी इस्त्रीला.
सात महिने."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"मी कुठे कुठे दमले,
ते तू कधी विचारलंस?"

रागाने नाही. भाव विचारावा तसं.
मग दाराकडे पाहून, "रंग बदललाय,"
आणि चीज दुसऱ्या काखेत घेतलं.

घरी आल्यावर माते केली, कडू, माझ्यासाठीही.
कोट न काढता पलंगावर टेकली आणि
बोलता बोलता वाक्याच्या मध्येच झोपली.
बूट मी काढले. डाव्या मोज्याला रफू, माझ्याच शाळेच्या लोकरीचं.

चारला वॉशिंग्टन पाय न वाजवता वर आला,
भुवयांनीच विचारलं.
मी मान हलवली.
पाचला पुन्हा आला. सहाला नुसता खोकला.
किनाऱ्यावरचं ऊन आमच्याशिवाय गेलं.
यादीवर चीज ठेवलं होतं,
तिच्या मधोमध तेलाचा एक पारदर्शक डाग.

रात्री कधीतरी अंधारातून आवाज आला :
"वारा अजून तसाच का गं तिथे, कानात शिरणारा?"
हो म्हणेपर्यंत तिने कूस बदलली होती.

भोपळा चिरून ठेवला होता. तो तसाच.