सुकती

बेलापूर, चौथा मजला, रात्रीचे तीन वाजून दहा.
जेलची बाटली मी मघापासून काखेत धरून बसले आहे.
थंड जेल लागलं की ही माणसं दचकतात
आणि दचकायलाही श्वास लागतो.

बेबी ऑफ हर्षला नाखवा.
नऊ तासांचा. दोन किलो तीनशे चाळीस.
नाव नाही, पायाला चिठ्ठी आहे.
मिनिटाला अठ्ठ्याहत्तर श्वास,
आणि प्रत्येकाच्या शेवटी एक बारीक कण्हणं,
दार ओढून घेताना बिजागरी करते तसं.
उशाशी सीपॅपच्या बाटलीत पाणी बुडबुडतंय.
ललिता सिस्टर म्हणतात, हा आवाज थांबला
की मला घरी झोपेतसुद्धा जाग येते.

एक्स-रेवाला खाली कॅज्युअल्टीत अडकलाय.
मी प्रोब टेकवते:
माझ्या अंगठ्याहून जरासा मोठा,
याच्या छातीहून जरासाच लहान.

फुप्फुस असं दिसत नाहीच.
दिसतात हवेनं केलेले भास
आणि पाण्यानं दिलेल्या साक्षी.
आडव्या रेघा म्हणजे कोरडं, उभ्या म्हणजे ओलं;
एवढंच शिकायला मला दोन वर्षं लागली.

बरगड्यांच्या दोन काळ्या सावल्या.
मधे एक पांढरी दोरी.
दोरी सरकतेय.

मार्चमध्ये एका बाळाची सरकली नव्हती.
वर लाटा, खाली रेती, असा किनारा दिसायला हवा
तिथे साबणाच्या वडीवरचा बारकोड होता,
वरपासून खालपर्यंत, सरळ.
सुई घालेपर्यंत चाळीस सेकंद गेले.
ते बाळ आता ऐरोलीत रांगतंय.
त्याची आई फोटो पाठवते,
मी अजून आधी छातीकडे बघते, मग तोंडाकडे.

इथे किनारा आहे.
पण खालच्या अंगाला सगळं पांढरंफटक,
उभ्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या,
वरच्या अंगाला काळं, निवळ,
आणि दोन्हींच्या मधे स्पष्ट एक खूण:
इथवर पाणी.
तिवराच्या बुंध्यावर चिखलाची असते तशी.

सिझेरियननं याला घाईत वर काढलं,
आतल्या पाण्याला निघायचं कुणी सांगितलंच नाही.

सर फोनवर विचारतात, तुला काय वाटतं?
नळीचा ट्रे उघडा आहे.
हात शिवशिवतात; काहीतरी केल्याचं
निदान लिहिता येतं कागदावर.
थांबू या, मी म्हणते,
आणि माझाच आवाज मला परका वाटतो.

बाप दाराशी. गाऊन उलटा घातलेला.
दिवाळ्याचा माणूस, होडीवरून थेट आलेला,
हात तीनदा धुऊनही बोटांना निवट्यांचा वास.
त्याला पडदा दाखवते. ही खूण बघा.
बराच वेळ बघतो. मग विचारतो,
भरतीचा हाय का सुकतीचा?
आत्ता सांगता येत नाही, मी म्हणते,
दोन तासांनी परत बघायचं.
तो मान हलवतो, त्याला यात नवल नाही.
पानी आपल्या पायानं जातं बाय,
त्याला हाकलाचं नसतं.
आणि लगेच, घाबरून:
पन जाईल ना?

मी उत्तर देत नाही. बुडबुडे मोजते.

पाच वाजून वीस.
बाटली पुन्हा काखेत, पुन्हा तीच दोन बरगड्यांमधली फट.
खूण बोटभर खाली आली आहे,
किंवा मला यायला हवी आहे.
सिस्टरना बघायला लावते. त्या चष्मा चढवतात.
आलीय हो, म्हणतात.
श्वास सहासष्ट. कण्हणं मधूनमधून.
सिस्टर ट्रे झाकतात, बाजूला सारतात,
पण फार लांब नाही.

तिसऱ्या मजल्यावरून हर्षलानं
सिरिंजमध्ये चार थेंब पाठवलेत, पिवळेजर्द.
मी कोमट कापसानं
याच्या छातीवरचं जेल पुसते,
आधी उजवीकडे, मग डावीकडे,
मग कारण नसताना पुन्हा उजवीकडे.