चारशे पावलं

साठीच्या आत, एकटीनं, चालत.
एवढंच लिहिलं होतं हेल्वेनं
एका जुन्या मनीऑर्डरच्या पावतीमागे,
आणि पावती डकवली होती
साखरेच्या डब्याच्या झाकणाला, आतून.
कुणाला दिसू नये, आपल्याला मात्र रोज दिसावी अशी.

तीस वर्षं तिनं बेटावर टपाल नेलं,
उन्हाळ्यात बोटीतून, हिवाळ्यात
नवऱ्याच्या बर्फगाडीवर, त्याच्या पाठीला धरून.
पायी कधी नाही. एकटी कधी नाही.

मार्चचा पहिला आठवडा. पेइप्सी सरोवर
पालथ्या परातीसारखं पडलेलं.
हातात लोखंडी टोकाची काठी, पाठीवर थर्मास,
राईच्या पावाच्या दोन चकत्या,
आणि बेटावरच्या उल्यानासाठी सुया.
तिला जाडच लागतात.

काठी ठण् म्हणत राहिली,
ठण्, ठण्, भाजल्या मडक्यासारखी.
मग धूर दिसला. चिमणी दिसली.
उल्यानाच्या कुंपणावरची निळी बादलीसुद्धा.
चारशे पावलं, फार तर साडेचारशे.

तिथं ती थांबली.

बर्फ तसाच पांढरा. काठीचा आवाज तोच,
म्हणजे जवळजवळ तोच.
फक्त डाव्या तळव्याला काहीतरी नको झालं,
भरल्या घरात मागे कुणीतरी गप्प झालं की
न वळताही कळतं, तसं.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणू.
तिच्याकडे ही म्हण नव्हती.
तिच्यासमोर बादली होती,
आणि साठ पुरी व्हायला अकरा दिवस.

ती वळली.
थोडी रडली, मग तिला राग आला,
मग उभ्याउभ्याच पाव खाल्ला, दोन्ही चकत्या.

बर्फ फुटला नाही.
त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.
चौथ्या दिवशी फादेई तिथूनच गेला
जाळी, टोपल्या, कुत्रा घेऊन,
आणि खुशाल परत आला.
लोकांनी मुद्दाम येऊन सांगितलं तिला:
बघ, उगाच घाबरलीस.

ती म्हणाली, त्याचे पाय त्याला काय म्हणाले
ते त्याला विचारा.

मग झाकण उघडून
'साठीच्या आत'वर काट मारली.
'एकटीनं, चालत' राहू दिलं.
खाली पेन्सिलीनं भर घातली:
तळवा हो म्हणाला तर.

सुया मात्र पोस्टानं पाठवल्या,
तिकीट विकत घेऊन,
आपल्याच जुन्या खिडकीसमोर
रांगेत उभं राहून.