दुसरी खेप

गेल्या सात दिवसांत
(कामाचं धरू नका, जाण्यायेण्याचं धरू नका,
घरातलंही नको)
निव्वळ स्वतःच्या मर्जीनं,
एका वेळी निदान दहा मिनिटं,
तुम्ही अंग हलवलंत का?

असा तो प्रश्न, सातवा.
सिडकोपासून वाचत आलेय, एकशे बारा दारांत,
एकाच आवाजात.
आवाज बदलला की उत्तर बदलतं, असं प्रशिक्षणात सांगितलंय.

सोनजे म्हणाले, रोज. पहाटे. पांडवलेण्याच्या पायऱ्या.
दाराशी त्यांचे बूट उलटे पडलेले,
तळव्याला किमतीचं लेबल अजून.
मी लिहिलं, आठवड्यातून सात.
फॉर्मवर बुटांना रकाना नाही.

पुंडलिक कासार, तांबट गल्ली, वय एकाहत्तर.
"धंदा बंद केला. पण सकाळी जुनाच हंडा घेऊन
मठारत बसतो तासभर."
विकायला?
"छे. हाताला बरं वाटतं."
आता हे काम, की मर्जी?
पुस्तिकेत पोहणं आहे, कबड्डी आहे, सायकल आहे.
जोर कसा ओळखायचा तेही आहे:
बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम;
दोन शब्दांवर धाप लागते, तो जास्त.
विचारलं, काका, ठोकताना बोलता येतं?
"बोलायचं कुणाशी? ऐकू कुठं येतं!"

नलू आहिरराव, अंबडला कॉइल गुंडाळते.
पहिल्या खेपेला हसली. "शून्य लिहा.
शनिवारी कंपनीला सुट्टी,
शनिवारीच गोधड्या धुवायच्या असतात."

पंधरा दिवसांनी तोच प्रश्न, त्याच माणसाला.
मागचं उत्तर आठवून द्यायचं नाही, हा नियम.
ती दार ओढून बाहेर आली, हळू म्हणाली,
"टाकी भरली का बघून येते, सांगून गच्चीवर जाते रात्री.
टाकी बघायला अर्धं मिनिट.
मग उलटी चालते. पाठीकडे.
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, वीसेक मिनिटं."
कशासाठी?
"कशालाच नाही.
तुमचं ते शून्य खटकलं मला."

साहेब म्हणाले, उत्तरं जुळत नाहीत.
बाई खोटी, नाहीतर प्रश्न कच्चा.
मोजपट्टीनं कापड ताणायचं नसतं.
खरं आहे.
तरी 'इतर, नमूद करा' समोरच्या
दोन बोटं जागेत मी लिहिलं: टाकी.

काल आकडे भरणाऱ्या मुलाचा फोन आला.
"ताई, टाकी म्हणजे पोहणं धरू का?"
मी पाथर्डी फाट्याच्या एका इमारतीत,
चौथ्या मजल्याच्या जिन्यात,
खांद्याला फॉर्मची पिशवी, लिफ्ट बंद,
दोन शब्दांपलीकडे श्वास पुरेना.

म्हटलं, हो. धर.