इतिवृत्तात नसलेलं

मी मंडळीची चिटणीस. सतरा वर्षं
ठराव लिहिते निळ्या शाईनं, समास सोडून.
त्या गुरुवारी विषय तीन होते:
छपराची गळती, नवा माइक,
आणि कुंपणाच्या भिंतीवर आणखी काचा.
चौथा विषय दारात उभा होता,
गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला.

आनंदा निगवेकर, कुंभार गल्ली.
"पाणी त्रेचाळीसावर गेलंय, बाई.
रात्रीत गल्लीत शिरंल.
एकसष्ट गणपती हाईत माझं, कच्चं, शाडूचं.
तुमचा हॉल उंचावर हाय."
एवढंच बोलला.
हात जोडले नाहीत, कारण हातात चपला होत्या.

जेम्स घोलप आमचे वडील, म्हणजे मंडळीचे.
दहाही आज्ञा पाठ, दुसरी जरा जास्तच.
"देवाच्या घरात?" म्हणाले
आणि चष्मा पुसत बसले.
पाळकबाबा खिडकीबाहेर बघत होते,
पावसाकडे की आणखी कुठे, कळलं नाही.
मी लिहिलं: 'चर्चा झाली.'

एस्तेरबाई चोपडे सभेत कधी बोलत नाहीत.
जन्मभर सीपीआरमध्ये आयाचं काम,
कुणाची घाण उपसताना जात विचारली नाही
आणि तेही कधी सांगितलं नाही.
त्या उठल्या, पदर खोचला.
"डोळे काढलेस का रे?"
"न्हाई मावशी. डोळं शेवटाला."
"मग माती आहे ती. आणि मातीवर उधारी आहे,
पोराची फी आहे, बायकोचं गंठण गहाण आहे."
मग घोलपांकडे वळून, हळूच,
"डोळे काढले असते, तरी मी हेच म्हटलं असतं."

किल्ली माझ्याकडे होती.
ठराव मांडला कुणी, अनुमोदन कुणाचं,
खरंच आठवत नाही.
संडेस्कूलची पोरं, तालमीची पोरं,
हातातून हातात, सिमेंटच्या पोत्यांखाली झाकून
रात्री दोनपर्यंत.
अडीचला घोलप आले, दुकानातली ताडपत्री घेऊन.
"छप्पर गळतंय म्हणून आणली," म्हणाले.
कुणी काही विचारलं नव्हतं.

रविवारी उपासना झाली.
बाकांच्या मागे एकसष्ट चेहरे, बिनडोळ्यांचे.
पुढे आम्ही त्रेपन्न, डोळ्यांचे.
पाळकबाबांचा संदेश चार मिनिटांत संपला
आणि गळ्यात काहीतरी अडकल्यासारखे ते खाली बसले.

थिओडोरनं मोबाइल काढला फोटोसाठी.
एस्तेरबाईंनी नुसतं बघितलं. त्यानं ठेवला.
आनंदाच्या हातात कुणी पत्रक दिलं नाही.
दिला तो चहा, आणि कोरडा टॉवेल.

मला उपदेश जमत नाही.
पण स्वयंपाक जमतो, म्हणून एवढं कळतं
की मीठ बरणीत कितीही पांढरंशुभ्र दिसलं
तरी घर अळणीच जेवतं.
ते विरघळायला लागतं, आणि विरघळल्यावर
कुणी त्याचं नाव घेत नाही. रश्श्याचं घेतात.

दोन घरं त्यानंतर येत नाहीत.
उजवीकडचं दुसरं बाक रिकामं असतं.
वाईट वाटतं. त्यांच्या आजोबांनी
या चर्चचे दगड डोक्यावरून वाहिले होते.
त्यांना चूक म्हणायला जीभ वळत नाही,
आणि त्या रात्री किल्ली लपवायला
हातही वळला नसता.

पाणी ओसरलं. मूर्ती गेल्या.
आनंदा पाचशेची नोट घेऊन आला.
खजिनदार वही उघडून बसले: दान नाही, भाडं नाही,
कुठल्या खात्यात लिहायची?
दोनदा त्यानं ठेवली, दोनदा आम्ही परत केली,
तिसऱ्यांदा त्यानंच सगळ्यांना भजी मागवली.

वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे:
छप्पर, विचाराधीन. माइक, मंजूर. काचा, पुढील सभेत.
जुन्या काचा भिंतीवर तशाच आहेत.
आम्ही काही फार बदललो नाही.

फक्त तिसऱ्या बाकाखाली
शाडूचा एक पांढरा डाग राहिलाय, तळहाताएवढा.
दर शनिवारी मी फरशी पुसते.
तिथं आल्यावर फडकं बाजूनं जातं.